लग्नपत्रिकेएवढी फट

कांद्याचं शेंडा-बूड कापणारं मशीन मी केलं. हे नाशकातल्या सातपूरच्या आमच्या कारखान्यात झाडू मारणाऱ्या मावशींपासून लेथवरच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. शेठला तर सगळ्यांत जास्त माहीत होतं. आणि तरीही परदेशातल्या प्रदर्शनात त्या मशीनशेजारी टाय लावून उभा राहिला तो शेठचा जावई. एवढी गोष्ट मी पुष्कळांना, पुष्कळदा, दातओठ खात सांगितली आहे. तिच्या पुढची मात्र फारशी कोणाला सांगितलेली नाही.

आमचं घर नामपूरचं, म्हणजे कांद्याचं. कांदा वाळवून त्याचे काप आणि पूड करणारे कारखाने नाशिक भागात बरेच आहेत. पण वाळवण्याआधी प्रत्येक कांद्याचा शेंडा आणि मुळ्यांकडचं बूड कापावं लागतं, आणि ते काम ओळीने बसलेल्या बायका डोळे पुसत पुसत करतात. मशीन करायचं म्हटलं तर पंचाईत अशी, की एक कांदा दुसऱ्यासारखा नसतो. एकाची मान जाड, दुसऱ्याची सुतळीसारखी. इंजिनिअर लोकांनी नाद सोडला होता. मी आयटीआय झालेला फिटर. मला नाद सोडायचं कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून तीन वर्षं मी त्याच्यामागे लागलो आणि मशीन चालवून दाखवलं.

त्यातली खुबी आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पट्ट्यावरच्या वाटीत कांदा आडवा बसतो. दोन्ही बाजूंना दोन गोल पाती फिरतात. पातं आणि त्याच्यासमोरची पट्टी यांच्यात बारीक फट असते. फट जास्त झाली की कांद्याची मान कापली न जाता आत ओढली जाते आणि मशीन अडतं. कमी झाली की पातं पट्टीला घासतं आणि आठवड्यात बोथट होतं. फट मोजायला पोलादी पत्त्यांचं गेज मिळतं. पण पोलादी पत्ती फक्त जाते किंवा जात नाही एवढंच सांगते. कागद हाताला सांगतो किती घट्ट, किती सैल. म्हणून आम्ही कारखान्यातली माणसं फट लावायला लग्नपत्रिका वापरायचो. कारखान्यात पत्रिकांना तोटा नसतो.

त्यातही माझी ठरलेली पत्रिका एकच होती. शेठच्या मुलीच्या लग्नाची. तेवढा जाड कागद पुन्हा कधी आमच्या कारखान्यात आला नाही. शेंड्याच्या बाजूला एक पदर, बुडाच्या बाजूला घडी घालून दोन. ओढताना कागदाला पातं चाटलं पाहिजे, पण ओरखडा उठता कामा नये. झालं सेटिंग. ती पत्रिका माझ्या हत्यारांच्या पेटीत ग्रीसने काळी होऊन पडलेली असायची, वधूवरांची नावंसुद्धा पुसून गेली होती. मशीनचं ड्रॉइंग मी स्वतः काढलं, पण त्यात ही गोष्ट कुठेच लिहिली नाही. कंपनीच्या ड्रॉइंगवर ‘लग्नपत्रिका, एक पदर’ असं कोण लिहील? फटीचा आकडा म्हणून एक अंदाजी आकडा टाकून दिला. आमच्याकडे तो कोणी कधी वाचायचाच नाही.

मग नाशकात उद्योजकांच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम झाला. अन्नप्रक्रिया आणि पॅकिंगच्या मशिनरीला परदेशात काय काय संधी आहेत, असा विषय. मुंबईहून आलेल्या साहेबांनी पडद्यावर आफ्रिकेचा नकाशा दाखवला. तिकडे टोमॅटो, कांदा, आंबा भरपूर पिकतो पण त्यावर प्रक्रिया होत नाही, युरोपातली मशीनं त्यांना परवडत नाहीत, आपली परवडतात, असं ते म्हणाले. आणि म्हणाले, तिकडच्या गिऱ्हाइकाला मशीन विकणारा नको असतो, अडलं तर सोडवणारा हवा असतो, म्हणून जाताना मशीन बनवणारा माणूस बरोबर न्या. शेठने सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर थाप मारली. ‘‘ऐकलंस ना? तू येणार माझ्याबरोबर.’’

मी पासपोर्ट काढला. बायकोने कोट शिवायला टाकला. मशीन बोटीने आधी जाणार होतं, म्हणून लाकडी खोक्यावर कीड मारायची धुरी दिल्याचा शिक्का मारून घेण्यापासून ते गाडीत चढवण्यापर्यंत सगळं मी केलं. जाण्याआधी मशीनच्या पात्यांवर बसणाऱ्या झाकणाच्या, म्हणजे गार्डच्या, आतल्या अंगाला माझा नंबरही घातला. ही माझी जुनी सवय. भांडी बाजारात पातेल्यांवर नाव घालणाऱ्याकडून ते कोरायचं यंत्र मी विकत घेतलं होतं आणि प्रत्येक मशीनवर, गार्ड उघडल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, ‘अडलं तर’ असं लिहून पुढे मराठी आकड्यांत माझा मोबाइल नंबर घालायचो. आमच्या बागलाण भागातले कारखानेवाले थेट मला फोन करायचे. शेठला ते माहीत नव्हतं.

नामपूरला आई आमच्या अहिराणीत सगळ्या गल्लीत सांगत फिरली. ‘‘मना पोऱ्या इमानमा बशीसन परदेशले जाई ऱ्हायना.’’ गावाने मारुतीच्या पारावर माझा सत्कार केला. शाल, नारळ, दोन भाषणं. निघायला सहा दिवस राहिले होते आणि शेठने मला केबिनमध्ये बोलावलं. जावई समोर बसून मोबाइल बघत होता. शेठ म्हणाला, ‘‘अरे, तिकडे सगळं इंग्लिशमध्ये चालतं. तुझं होणार नाही. तू याला दोन दिवसांत मशीन समजावून दे.’’ जावयाने मान वर न करता म्हटलं, ‘‘व्हिडिओ काढून घेतो ना मी, पप्पा.’’

मी दोन दिवस त्याला मशीन समजावलं. पत्रिकेचं मात्र बोललो नाही. तो नेमकं विचारता तर सांगितलं असतं, असं मी तेव्हा स्वतःला म्हणायचो. आता खरं सांगतो, नसतं सांगितलं.

प्रश्न असा होता की गावाला काय सांगायचं. सत्कार घेऊन झाला होता. सातपुरात आमच्या कॉलनीत निम्मी घरं बागलाणातली, तिथे राहिलो असतो तर दुसऱ्या दिवशी बातमी नामपूरला पोचली असती. म्हणून ठरल्या दिवशी नवा कोट घालून, बॅग घेऊन मी घरातून निघालो आणि त्र्यंबकेश्वरच्या बसमध्ये बसलो. आठ दिवस तिथे एका लॉजवर राहिलो. लॉजवाल्याने पहिल्याच दिवशी विचारलं, ‘‘कोणती पूजा? कालसर्प का नारायण नागबळी?’’ मी म्हणालो, अजून ठरलं नाही. तो रोज सकाळी विचारायचा. देवळाकडे जायची सोय नव्हती, आमच्याकडचे लोक भेटायचे. खोलीत बसून भिंतीकडे बघत मी त्या आठ दिवसांत शेठच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तो विधी मात्र अगदी यथासांग पार पडला.

परत येताना कॉलेज रोडवरच्या दुकानातून परदेशी चॉकलेटांचे डबे घेतले. आईने ते गावभर वाटले. ‘‘इमानमा भ्याव वाटना का रे?’’ तिने विचारलं. मी म्हणालो, विमानात भीती नाही वाटली. ढग कसे दिसतात ते तिने विचारलं, तेही सांगितलं. ती दोन वर्षांनी गेली. शेवटच्या आजारात नर्सलाही सांगत होती की माझा मुलगा विमानाने जाऊन आलेला आहे. शेठने माझी पगारवाढ खाल्ली असती, बोनस खाल्ला असता, मी विसरलो असतो. त्याने मला आईशी खोटं बोलायला लावलं आणि ते खोटं दुरुस्त करायच्या आधी ती गेली. याची फेड मला हवी होती. नुसती माफी नाही, त्याने माझ्या दारात येऊन, माझ्यासमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं कबूल करायला हवं होतं की मशीन माझं आहे.

नोकरी सोडली तेव्हा शेठ म्हणाला, ‘‘वर्षभरात परत येशील.’’ मी परत येत नाही म्हटल्यावर त्याने कांदेवाल्या कारखान्यांत सांगत फिरायला सुरुवात केली की मी त्याचं ड्रॉइंग चोरलं. माझ्या हाताने काढलेलं ड्रॉइंग मी चोरलं! मी नाशकातच अंबडला एक छोटा गाळा भाड्याने घेतला. बायको हिशेबही बघायची आणि पॅनेलच्या वायरीही जोडायची. पॅकिंगच्या मशीनची दुरुस्ती, मसाल्याच्या चक्क्या, जे येईल ते करायचो. कांद्याचं मशीन मात्र कोणी मागायला येत नव्हतं. आणि शेठचं ते प्रदर्शनातलं मशीन टांझानियातल्या एका मसाल्याच्या कारखान्याने घेतलं आणि ते उत्तम चाललंय, अशा बातम्या मला मुद्दाम कानावर येतील अशा बेताने पोचवल्या जायच्या. चालणारच होतं. सेटिंग माझं होतं.

एकदा दुपारी आम्ही नवराबायको गाळ्यात डबा खात बसलो होतो आणि अनोळखी, लांबलचक नंबरावरून फोन आला.

‘‘भाई, ये नंबर मशीन के अंदर लिखा है. आप कौन?’’

तो त्या टांझानियातल्या कारखान्याचा मेकॅनिक होता. तीन पिढ्यांपूर्वी आजोबा कच्छहून तिकडे गेलेले. मशीनची पाती झिजली म्हणून शेठकडून नवी मागवली, जावयाने पाठवली, ड्रॉइंगमधल्या आकड्याप्रमाणे बसवली, आणि तेव्हापासून मशीन दर चार-पाच मिनिटांनी अडत होतं. जावई म्हणाला मोटर कमी पडते, मोटर बदलली. मग म्हणाला तुमचा कांदा खराब आहे. शेवटी याने काढलेल्या गार्डचं आतलं अंग पुसलं आणि तिथे अक्षरं दिसली. आकडे गुजराती आकड्यांसारखेच दिसले, त्याने अंदाजाने भारताचा कोड लावून फिरवला. कारखान्याच्या मालकाला अशी आणखी सहा मशीनं घ्यायची होती, पण हे सुधारल्याशिवाय नाही.

मला ऐकता ऐकताच कळलं होतं. मोटर नाही, कांदा नाही, फट. फोनवर दहा मिनिटांचं काम. माझ्या पेटीत ती पत्रिका हाताच्या अंतरावर होती.

इतकी वर्षं देवाकडे दुसरं काय मागत होतो मी? शेठचं नाक माझ्या चिमटीत आलं होतं, आता फक्त दाबून धरायचं होतं. मी आवाज बारीक केला आणि म्हणालो, ‘‘भाई, मेरी तबियत बहुत खराब है. मशीन कंपनी का है. कंपनी को बोलो, जिसका नंबर अंदर है उसको जाके पूछो.’’

‘‘आप आराम करो,’’ तो म्हणाला. ‘‘मैं दो दिन में फोन करता हूँ.’’

बायकोने घास हातातच धरला होता. ‘‘कोणाची तब्येत खराब आहे?’’

मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मग सांगून टाका ना. त्या माणसाने तुमचं काय वाकडं केलंय?’’

‘‘त्याने नाही केलं. पण शेठ इथे आल्याशिवाय मी सांगणार नाही.’’

‘‘आणि नाही आला तर?’’

‘‘येईल.’’

पुढचे दिवस मी जितक्या मजेत काढले तितके आयुष्यात काढले नसतील. भूक चांगली लागायची. गाळ्यात शीळ घालत काम करायचो. सातपूरच्या जुन्या सोबत्यांकडून खबर यायची की शेठचा रक्तदाब वाढलाय, जावई रोज तिकडच्या लोकांशी व्हिडिओवर बोलतो आणि रोज नवीन कारण सांगतो. उंटावरून शेळ्या हाकायची हौस होती ना, हाका म्हणावं. मेकॅनिकचा चौथ्या दिवशी फोन आला. मी खोकून दाखवलं. सातव्या दिवशी आला तेव्हा त्याने आधी माझ्या तब्येतीचं विचारलं, घरगुती काढा सांगितला, आणि मग म्हणाला की मालक माल थांबू देत नाही, बायका गार्ड काढून ठेवतात आणि अडकलेला कांदा हाताने ओढतात.

‘‘गार्ड मत निकालने दो,’’ मी म्हणालो.

‘‘बोलता हूँ, भाई. सुनता कौन है?’’

तेव्हा मी सांगायला हवं होतं. मला ते तेव्हाही कळलं. फोन ठेवल्यावर थोडा वेळ अस्वस्थ वाटलं आणि मग मनाने लगेच उत्तर दिलं की आणखी दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे, शेठ आता आलाच. बायको दिवसभर पॅनेलच्या वायरी जोडत राहिली. संध्याकाळी फक्त म्हणाली, ‘‘तुम्ही आता शेठसारखे दिसायला लागलात.’’ मी तिच्यावर ओरडलो.

बाराव्या दिवशी शेठ आला. गाडी गाळ्याच्या बाहेर थांबली, जावई गाडीतच बसून राहिला आणि शेठ एकटाच आत आला. मी वेल्डिंगचा चष्मा काढलाही नाही. हातातलं काम पूर्ण केलं, मुद्दाम सावकाश. तो पत्र्यांच्या ढिगाशेजारी उभा होता. मग त्याला स्टूल दिलं, बायकोने पाणी दिलं.

‘‘तुला माहीत आहेच, कशासाठी आलोय,’’ तो म्हणाला.

‘‘नाही शेठ. मला इंग्लिश येत नाही, मला कुठलं काय माहीत असणार?’’

त्याने ते गिळलं. मी म्हणालो, ‘‘जावईबापूंना बोलवा ना आत. उन्हात का बसवलंय?’’

जावई आला. चार वर्षांत पोट सुटलं होतं. मी त्याला अगदी प्रेमाने विचारलं, ‘‘तुमच्या लग्नाची पत्रिका आहे का हो तुमच्याकडे?’’ त्याला वाटलं मी दारू पिऊन बसलोय. त्याने सासऱ्याकडे बघितलं. मी पेटी उघडली, ती काळी पत्रिका काढली आणि शेठच्या हातात दिली. शेठ मुळात लेथवर घडलेला माणूस. त्याने पत्रिका उलटसुलट केली, अंगठ्याने जाडी चाचपली, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला दिसलं की त्याला सगळं समजलं. जावयाला अजून काही समजलं नव्हतं. गेले बारा दिवस रोज नवी कारणं सांगून ज्याने दोन खंडांना नाचवलं, त्याला स्वतःच्या लग्नपत्रिकेची जाडी माहीत नव्हती. मी खदाखदा हसलो. तो आनंद मी नाकारणार नाही.

‘‘आता फोन लावा,’’ मी म्हणालो. ‘‘आणि आधी त्यांना सांगा, मशीन कोणी केलंय.’’

जावयाने मोबाइलचा आवाज मोठा केला. मेकॅनिक लाइनवर आला. शेठ घसा साफ करत म्हणाला, ‘‘ये मशीन... इन्होंने बनाया है. शुरू से इन्होंने ही बनाया है. सेटिंग यही बताएँगे.’’ शेजारच्या गाळ्यातले दोघे दारात येऊन उभे होते, त्यांनीही ऐकलं. बायको पॅनेलपाशी पाठमोरी उभी होती. मला आईची फार आठवण आली.

मग मी मेकॅनिकला विचारलं, घरात एखादी जाड कंकोत्री, म्हणजे लग्नपत्रिका, आहे का. तो म्हणाला, बहिणीच्या लग्नाच्या ढीगभर आहेत. मी त्याला सांगितलं, शेंड्याला एक पदर, बुडाला दोन, ओढताना चाटलं पाहिजे. त्याने दोनदा म्हणून दाखवलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. मी म्हणालो, आता चालवून बघा.

‘‘चलाता हूँ,’’ तो म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता. ‘‘आप ठीक हो गए, अच्छा हुआ भाई. कल यहाँ बहुत बुरा हुआ. एक बहन का हाथ अंदर चला गया. दो उँगलियाँ गईं. दाहिने हाथ की.’’

जावयाने फोन बंद केला. शेठने पत्रिका माझ्या टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे बघत विचारलं, ‘‘तुला त्याचा फोन कधी आला होता?’’

पाठमोऱ्या बायकोने सांगितलं, ‘‘आज बारा दिवस झाले.’’

शेठ उठला. दारापर्यंत गेला आणि थांबला. ‘‘मी तुझं नुकसान केलं, ते खरंय,’’ तो म्हणाला. ‘‘पण हे मी केलं नसतं.’’

त्याने केलं असतं का नसतं, मला माहीत नाही. त्याच्यासारखा माणूस फायद्यासाठी काहीही करतो असं माझं मत होतं आणि आहे. पण त्या दिवसापासून माझ्याविरुद्ध बोलायला त्याच्याकडे एक खरं वाक्य आहे, आणि ते मी त्याला फुकट दिलं. त्याच्यावरचा राग गेला नाही. उलट वाढला, कारण आता त्यात मला स्वतःलाही शिव्या द्याव्या लागतात. आधी सगळ्या शिव्या त्या एकट्याला पुरत होत्या.

सहा मशीनांची ऑर्डर मला आली. मालकाने स्पष्ट कळवलं की मशीन ज्याने केलंय त्याच्याकडूनच घेणार, आणि बसवायलाही तोच हवा. सूड म्हणून बघितलं तर मी जिंकलो. शेठची निर्यात तिथेच संपली. त्याने कांद्याच्या मशीनचं नावसुद्धा आपल्या पाटीवरून काढलं, हे मी सातपूरला मुद्दाम फेरी मारून बघून आलो. नवीन मशीनांचं गार्ड मी असं केलं की ते उघडलं की वीजच बंद व्हावी. ड्रॉइंगवर फट कशी लावायची ते मराठीत, हिंदीत आणि माझ्या मुलीकडून लिहून घेतलेल्या इंग्लिशमध्ये लिहिलं. खर्च वाढला, मालकाने कुरकुर केली, मी ऐकलं नाही.

आणि मी विमानात बसलो. खिडकीची जागा मिळाली होती. बाहेर ढग दिसायला लागल्यावर मी पडदी ओढून घेतली.

कारखाना शहराबाहेर होता. मेकॅनिक माझ्यापेक्षा वयाने लहान, हसरा. त्याने मला मिठी मारली, घरी नेलं, बायकोच्या हातचं वरण-भात-थेपले खाऊ घातलं. तीन दिवस आम्ही मशीनं बसवली. मी त्याला एकदाही विचारलं नाही की ती बाई कुठे आहे. विचारायची गरज नव्हती. पॅकिंगच्या खोलीत पुड्यांवर लेबल चिकटवणाऱ्या बायकांत एक चाळिशीची उंच बाई होती, ती डाव्या हाताने लेबल लावायची आणि उजवा हात मांडीवर ठेवायची. मी त्या खोलीच्या दारावरून जाताना चाल वाढवायचो.

चौथ्या दिवशी सगळी मशीनं चालली. मालकाने बायकांना बोलावून मला त्यांच्यासमोर उभं केलं. टाळ्या झाल्या. ती उंच बाई पुढे आली आणि मेकॅनिकला तिच्या भाषेत काहीतरी बराच वेळ सांगत राहिली. मला वाटलं, आता ती विचारणार. मी ठरवलं की विचारलं तर सांगायचं, सगळ्यांदेखत सांगायचं. इतक्या लांब आलो होतो, एवढं तरी करू शकलो असतो.

मेकॅनिक माझ्याकडे वळला. ‘‘मैंने उस वक्त इन सबको बोला था ना, कि मशीन बनाने वाले भाई बीमार हैं, इसलिए देर हो रही है,’’ तो म्हणाला. ‘‘तो ये बोल रही है, हाथ पे पट्टी थी, तब भी हर इतवार चर्च में आपके लिए दुआ माँगती थी. पूछ रही है, अब तबियत कैसी है?’’

ती माझ्याकडे बघत उभी होती. खरोखरच काळजीने बघत होती.

‘‘बोलो, ठीक है,’’ मी म्हणालो. ‘‘अब बिलकुल ठीक है.’’

त्याने ते तिला सांगितलं. तिने तो उजवा हात पुढे केला आणि मी तो हातात घेतला.